चालू पाण्यावरचं काम

दोन हजार सोळाच्या एप्रिलमध्ये सिडकोतल्या त्या रो-हाऊसांच्या ओळीत पाचव्या दिवशी नळ येत होता, तोही जेमतेम पाऊण तास. व्यंकटरावांच्या गच्चीवर पाचशे लिटरची काळी टाकी होती. तिच्यात जे साठेल त्यावर पुढचे पाच दिवस काढायचे.

घरात माणसं दोनच. व्यंकटराव चौऱ्याहत्तर वर्षांचे, सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. त्यांच्या पत्नी मीनाक्षीबाई वर्षभरापासून अंथरुणाला खिळलेल्या होत्या. अर्धांगाच्या झटक्यात त्यांची उजवी बाजू गेली आणि तिच्याबरोबर बोलणंही. डाव्या हाताशी एक स्टीलची वाटी आणि चमचा ठेवलेला असे. काही हवं असलं की त्या चमचा वाटीवर आपटत, आणि व्यंकटराव असतील तिथून उठून येत.

पाडव्यानंतर न्हाणीघरातला जुना गिझर गळायला लागला. आधी थेंब थेंब, मग बारीक धार. खाली बादली ठेवून ते पाणी वापरता येत होतं, पण अर्धं पाणी मागच्या भिंतीवरून उतरून मोरीत जायचं. भिंतीचा गिलावा फुगला होता. व्यंकटरावांनी बटण कधीच बंद केलं होतं. गरम पाण्याची गरजही नव्हती. गिझर काढून टाकायचा आणि नळाच्या तोंडाला बूच मारायचं, एवढंच काम होतं. त्यासाठी तीन दिवस फोन केल्यावर पुंजाराम आला.

पुंजाराम करमाडचा. चाळिशी उलटलेला, अंगानं सडपातळ, बोलणं कमी. त्याच्या बापाची जमीन औद्योगिक वसाहतीत गेली. जिथं बाप ज्वारी काढायचा तिथं कंपनीची पाण्याची टाकी उभी राहिली, आणि त्या टाकीची पाईपलाईन टाकायला मजूर म्हणून लागलेला पुंजाराम तिथंच हे काम शिकला.

त्यानं आधी गच्चीवर जाऊन टाकीखालचा व्हॉल्व्ह बंद केला. खाली येऊन नळ सोडून पाहिला. पाणी येतच होतं. पुन्हा वर गेला, पुन्हा आला.

"काका, व्हॉल्व्ह नुसता फिरतोय. आतून तुटलाय. पाणी बंद होत नाय."

"मग?"

"मग थांबा. टाकी रिकामी होत आली की मला बोलवा. तव्हा येऊन काढतो."

व्यंकटरावांना ते पटलं नाही. आदल्याच दिवशी नळ येऊन गेला होता. टाकी भरलेली होती. चार दिवस थांबायचं म्हणजे त्या पाण्यातलं निम्मं भिंतीतून वाहून जाणार. "चालू पाण्यावर नाही का होणार? नट काढला की लगेच बूच लावायचं. तुम्ही लोक करता की तसं."

"करतो. पण नट सुटला पाहिजे ना. हे बघा." पुंजारामनं गिझरखालच्या जोडावर बोट ठेवलं. बोअरच्या आणि टँकरच्या पाण्याचा पांढरा खार त्या नटावर इतका चढला होता की त्याचे कोपरेसुद्धा दिसत नव्हते. "वीस-बावीस वर्षं कुणी हात लावलेला नाय. आतला पाईप लोखंडी. जोर जास्त झाला तर भिंतीत तुटंल."

"बघा तर खरं प्रयत्न करून."

पुंजारामनं फार वाद घातला नाही. खार खरवडून काढला. नटाला रॉकेल लावून अर्धा तास तसाच ठेवला. मग हातोडीनं चारही बाजूंनी हलके हलके ठोके दिले, पुन्हा रॉकेल सोडलं. घाई करत नव्हता. नंतर पिशवीतून दोन पाईपपाने काढले.

"एक पाना भिंतीकडच्या पाईपावर धरायचा, दुसऱ्यानं नट फिरवायचा. आज जोडीदार नाय माझ्याकडं. तुम्हीच धरा. मी फिरवीन तव्हा तुमचा पाना जागचा हलू द्यायचा नाय. हलला की पाईप पिळला जातो."

व्यंकटरावांनी दोन्ही हातांनी पाना धरला. पुंजारामनं जोर लावला. नट हलला नाही. दुसऱ्यांदा लावला. कुठेतरी बारीक करकर झाली. "येतंय," पुंजाराम म्हणाला आणि तिसऱ्यांदा अंगाचा सगळा भार टाकला.

त्याच वेळी बाहेरच्या खोलीत वाटी वाजली. वर्षभराची सवय, व्यंकटरावांची मान वळली आणि हात सैल पडले.

आवाज फार मोठा झाला नाही. सुकी काडी मोडावी तसा झाला. पाईप भिंतीच्या आत, जोडाच्या तोंडाशीच तुटला, आणि पाणी धारेनं समोरच्या भिंतीवर आदळायला लागलं.

पुंजारामनं तळहात त्या भोकावर दाबला. धार फुटून त्याच्या कोपरावरून, तोंडावरून वाहू लागली. पायानं त्यानं बादली खाली ओढली.

"वर जा काका. टाकीत हात घालून तोंड बुजवा आतून. फडकं कोंबा. माझ्यानं हे पुरं दबत नाय."

व्यंकटराव निघाले. जाताना मीनाक्षीबाईंच्या दारात क्षणभर थांबले. त्या डोळे मोठे करून बघत होत्या. "आलोच," एवढंच म्हणून ते बाहेरच्या जिन्यानं गच्चीवर गेले. मागून पुंजारामचा आवाज येत होता. तो आता मीनाक्षीबाईंशी बोलत होता. "काकू, घाबरू नका. काका वर गेलेत. मी इथंच हाय. पाईप तुटलाय फक्त."

टाकी विटांच्या उंच कट्ट्यावर होती. भिंतीला टेकवलेली चार पायऱ्यांची लोखंडी शिडी लावून चढावं लागे. व्यंकटरावांच्या एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं होतं, दुसरा तसाच होता. त्यांनी शिडी लावली. पहिली पायरी चढले. दुसरीवर पाय ठेवला तेव्हा शिडी सरकली आणि ते खाली उतरले. पुन्हा चढले, पुन्हा उतरले. टाकीला कान लावला असता तर आतलं पाणी उतरताना ऐकू आलं असतं, पण तसं करायचं धैर्य त्यांना झालं नाही.

शेजारच्या गच्चीत सत्यभामाबाई लाल मिरच्या पसरत होत्या. दोन्ही गच्च्यांमध्ये गुडघ्याच्या वर येईल एवढीच भिंत. साठीच्या बाई, वैजापूरकडच्या शेतकरी घरातल्या. नवरा कडुबा इथल्या एका कंपनीत लागला तेव्हा त्या या घरात आल्या. पंचवीस वर्षं दोन घरं एकमेकांना चिकटून होती. कडुबा व्यंकटरावांना दादा म्हणायचा, म्हणून त्याही दादाच म्हणायच्या. पण गेल्या तीन वर्षांत व्यंकटराव त्यांच्याशी एक शब्दही बोलले नव्हते. समोर दिसल्या की ते चप्पल शोधायला आत वळत.

त्यांनी हाक मारली. "वहिनी."

सत्यभामाबाईंनी वर पाहिलं.

"खाली पाईप फुटलाय. टाकीचं तोंड बंद करायचंय आतून. मला चढवत नाही."

बाई उठल्या. हाताची मिरची पदराला पुसली, भिंत ओलांडली आणि शिडीपाशी आल्या. "धरा," म्हणाल्या. व्यंकटरावांनी शिडी धरली. त्या वर चढल्या, झाकण बाजूला केलं, आत वाकून पाहिलं. "फडकं द्या." व्यंकटरावांच्या खांद्यावर पंचा होता, तो त्यांनी दिला. बाईंनी त्याची घट्ट गुंडाळी केली आणि हात आत घातला. भोक तळाशी होतं. खांदा बुडाला, मग गाल पाण्याला टेकला. थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "बसलं. पण हात काढला की सुटतंय."

खालून पुंजाराम ओरडला, "थांबलं काका, थांबलं. आता तसंच राहू द्या. तुटका तुकडा काढायचाय मला. अर्धा तास लागंल."

अर्धा तास. साडेअकराचं ऊन होतं, गच्चीची फरशी तापलेली. सत्यभामाबाई शिडीवर उभ्या, एक हात खांद्यापर्यंत पाण्यात. व्यंकटराव खाली शिडीच्या दोन्ही दांड्या धरून. सोडायची सोय दोघांनाही नव्हती.

खाली पुंजाराम लोखंड कापायच्या करवतीचं सुटं पातं हातात धरून जोडाच्या आत अडकलेल्या तुकड्याला चिरा पाडत होता. जोडाच्या आट्यांना पातं लागू न देता एक चीर, मग तिच्यासमोर दुसरी. मग छिन्नीनं तो तुकडा आतल्या आत दुमडायचा. पात्याचा बारीक, सारखा आवाज जिन्यातून वर येत होता.

व्यंकटरावांनी ठरवलं होतं की बोलायचं नाही. पण उभं राहता राहता ते बोलले.

"वहिनी, तेरा सालचा तो अर्ज..."

"आत्ता नका बोलू. हात घसरतो."

त्यांनी शिडी आणखी घट्ट धरली.

तेरा सालीही असाच दुष्काळ होता. नळाला जोर नव्हता. त्या वर्षी कडुबाची लेक श्रेया बाळंतपणाला आली होती, आणि कडुबानं नळाच्या लाईनवर थेट मोटार बसवली. ती सुरू झाली की व्यंकटरावांच्या टाकीत थेंब चढत नसे. त्यांनी एकदा सांगून पाहिलं. कडुबा हात जोडून म्हणाला, "दादा, एवढे दोन महिने. पोरगी बाळंत हाय घरात." व्यंकटराव बरं म्हणाले. पुढच्या तीन पाळ्या त्यांची टाकी कोरडी राहिली. मग एके दुपारी त्यांनी टेबलावर बसून, चाळीस वर्षांच्या सरावानं, मुद्देसूद तक्रारअर्ज लिहिला. गल्लीत सात घरांना मोटारी होत्या. त्यांनी नाव एकाच घराचं घातलं. खाली सही केली नाही.

आठवड्यात पथक आलं, मोटार घेऊन गेलं, कडुबाचा नळ तोडला. मग कडुबा सायकलच्या कॅरिअरला दोन कॅन बांधून दूर टँकरच्या थांब्यावरून पाणी आणू लागला. एका सकाळी वळणावर भरल्या कॅनसकट पडला. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण तो अंथरुणावरून उठला नाही. चौथ्या महिन्यात फुप्फुसात पाणी होऊन गेला. मीनाक्षीबाई तेव्हा चालत्या-फिरत्या होत्या. त्या दवाखान्यात रोज डबा घेऊन जात. अर्जाचं त्यांना ठाऊक नव्हतं. व्यंकटराव एकदाही गेले नाहीत. मातीलासुद्धा नाही, रक्तदाब वाढल्याचं त्यांनी सांगितलं.

पात्याचा आवाज थांबला आणि पुन्हा सुरू झाला. सत्यभामाबाईंनी पाय बदलला.

"मला माहीत हाय ते," त्या म्हणाल्या.

व्यंकटरावांनी वर पाहिलं. त्यांना बाईंचा चेहरा दिसत नव्हता. ओला खांदा आणि टाकीची कड दिसत होती.

"कधीपासून?"

"मोटार सोडवायला मीच गेले होते. साहेबाच्या टेबलावर कागद पडला होता. सही नव्हती. पण आमच्या रेशनकार्डाचा अर्ज तुम्हीच लिहून दिला होता, पोरीच्या शाळेचे कागद तुम्हीच लिहिले होते. मला वाचायला फार येत नाय, पण अक्षर वळखू येतं. तुमच्यासारखं अक्षर गल्लीत दुसऱ्या कुणाचं नाय."

"कडुबाला सांगितलंत?"

"नाय."

त्यांनी आतली गुंडाळी पुन्हा दाबली. मग म्हणाल्या, "दवाखान्यात पडल्या पडल्या इचारायचे, दादा आले का. मी म्हणायचे, नाय आले. मग म्हणायचे, त्यांना बरं नसंल, तूच जाऊन बघून ये. अशा माणसाला काय सांगायचं होतं?"

व्यंकटरावांच्या हातांना शिडीचं लोखंड भाजत होतं. त्यांनी हात हलवले नाहीत. रडू येईल असं त्यांना वाटलं, पण आलं नाही.

"तरी तुम्ही मीनाक्षीकडे येत होतात," ते म्हणाले. सत्यभामाबाई आठवड्यातून एकदा येऊन बसून जातात हे त्यांना दोन्ही घरी येणाऱ्या कामवालीकडून कळायचं. नेमकं ते बँकेत किंवा भाजीला गेलेले असताना. तो योगायोग आहे असं ते धरून चालले होते.

"वहिनींनी काय केलंय?"

"आणि आज?"

"पाणी चाललं होतं," सत्यभामाबाई म्हणाल्या.

खालून पुंजारामनं आवाज दिला. तुकडा निघाला होता. पाणी झिरपू नये म्हणून त्यानं बुचाला सूत गुंडाळून सफेदा लावला, जोडात घालून पान्यानं आवळलं. "सोडा आता." बाईंनी हात बाहेर काढला. बोटं पांढरी पडली होती, सुरकुतली होती. त्यांनी पंचा पिळून टाकीच्या कडेवर टाकला आणि झाकण लावलं. खाली उतरल्यावर त्यांना एकदम चालता येईना. भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

"माफी..." व्यंकटराव म्हणाले.

"मला नका मागू," बाई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "तुम्हाला सांगायचंच असंल तर श्रेयाला सांगा. तीन वर्षं झाली, ती माझ्या घरी एक रात्र राहत नाय. सकाळी येती, संध्याकाळच्या गाडीनं वैजापूरला परत. येताना पोरीसाठी पाणीसुद्धा घरून घेऊन येती. म्हणती, माझ्या बाळंतपणाच्या पाण्यापायी बाप गेला. मी सांगून थकले की तसं नाय. खरं काय ते मला सांगता येत नव्हतं. सांगितलं असतं तर तिनं गल्लीत येऊन तुमचं नाव घेतलं असतं, आणि वहिनींना ऐकावं लागलं असतं."

"वैजापूरला जायचं तर मीनाक्षीपाशी..."

"मी बसते."

भिंत ओलांडून त्या आपल्या गच्चीत गेल्या आणि राहिलेल्या मिरच्या पसरायला बसल्या.

पुंजारामचा तळहात पाईपाच्या कडेनं कापला होता. त्यानं त्यावर चिंधी बांधली होती. टाकीत अजून निम्म्याहून जरा कमी पाणी होतं. "चार दिवस पुरवा कसंही," तो म्हणाला. "नळ येऊन जाईल तोवर." गिझर त्यानं अंगणात नेऊन ठेवला. जाताना व्यंकटरावांना म्हणाला, "पान्याचं मनाला लावून घेऊ नका काका. माझंच चुकलं. मी थांबायला पायजे होतं." व्यंकटरावांनी त्याला पैसे दिले. त्यांच्या मनाला काय लागलंय ते त्या माणसाला कळायचं कारण नव्हतं.

संध्याकाळी त्यांनी मीनाक्षीबाईंच्या खाटेजवळ खुर्ची ओढली आणि सगळं सांगितलं. अर्ज, मोटार, सायकल, सही न केलेला कागद. काहीही गाळलं नाही. मीनाक्षीबाई ऐकत राहिल्या. सांगून झाल्यावर त्यांनी मान भिंतीकडे वळवली. त्यानंतर दोन दिवस त्यांनी वाटी वाजवली नाही. कूस बदलायची वेळ, पाण्याची वेळ, सगळं व्यंकटरावांना घड्याळ बघून अंदाजानं करावं लागलं. तिसऱ्या दिवशी ते घोट घोट पाणी पाजत असताना मीनाक्षीबाईंनी डाव्या हातानं त्यांचं मनगट धरलं आणि दाराकडे बघितलं. पुन्हा त्यांच्याकडे, पुन्हा दाराकडे. जा, असं त्या म्हणत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सत्यभामाबाई येऊन बसल्या आणि व्यंकटराव एसटीनं वैजापूरला गेले.

श्रेयाचं घर मार्केट यार्डाच्या मागच्या बाजूला होतं. नवरा अडत्याकडे कामाला. ओट्यावर कांदा पसरलेला, सासू तो निवडत होती. श्रेया अठ्ठावीस वर्षांची, बापासारखी रुंद कपाळाची. तिनं व्यंकटरावांना ओळखलं आणि घाबरली. "आईला काय झालं का?"

"नाही. ती मीनाक्षीपाशी बसलीय. मी तुला एक सांगायला आलोय."

तिनं खुर्ची दिली. स्वतः उंबऱ्यात बसली. आत तिची तीन वर्षांची ओवी झोपली होती. व्यंकटरावांनी वाटेत बसमध्ये वाक्यं जुळवली होती, कचेरीतल्या टिपणीसारखी. त्यातलं एकही त्यांना आठवलं नाही. "श्रेया, तुमची मोटार तुझ्या बाळंतपणामुळे गेली नाही," ते म्हणाले. "मोटारी सगळ्या गल्लीत होत्या. तुमच्या एकट्या घराचं नाव मी लिहून दिलं होतं."

तिला पहिल्यांदा कळलं नाही. त्यांनी पुन्हा सांगितलं. मग पुढचं सगळं सांगितलं. सासूचे हात कांद्यावर थांबले.

श्रेयानं जमिनीकडे बघितलं. मग तिनं विचारलं, "तुमच्याकडं तव्हा किती दिवस पाणी नव्हतं?"

"तीन पाळ्या."

"घरात कोण होतं?"

"आम्ही दोघंच. दोघंही धडधाकट."

"काकू आमच्याकडं डबा घेऊन यायच्या तव्हा त्यांना..."

"तिला माहीत नव्हतं. चार दिवसांपूर्वी सांगितलं."

"आईला?"

"तिला पहिल्यापासून."

हे ऐकून मात्र तिनं तोंडावर हात ठेवला. उठली, आत गेली, दार लोटून घेतलं. व्यंकटराव तसेच खुर्चीत बसले. आतून काही ऐकू येत नव्हतं. खूप वेळानं सासू दार ढकलून आत डोकावून आली.

"लेकराजवळ पडलीय," ती म्हणाली. "रडतीय. रडू द्या. तुम्ही निघा आता. दीडची गाडी मिळंल."

ते निघाले. यार्डासमोर कांद्याच्या गोण्या भरलेले ट्रॅक्टर उभे होते. गाडीत खिडकीशी बसून ते बाहेर बघत होते. रानं उघडी पडलेली, विहिरीपाशी टँकर लागलेले. आपण सांगितलं म्हणजे काय झालं, हे त्यांना ठरवता येईना. हलकं वाटत नव्हतं. एवढंच होतं की आता जे होतं ते त्यांच्या एकट्यापाशी राहिलं नव्हतं, आणि ज्या मुलीनं ते तीन वर्षं आपलं समजून वागवलं तिच्याकडून ते काढून घेतलं होतं.

घरी पोचले तेव्हा सत्यभामाबाई मीनाक्षीबाईंची वेणी घालत होत्या. "सांगितलं?" त्यांनी विचारलं.

"सांगितलं."

त्यांनी वेणी पुरी केली आणि घरी गेल्या.

पंधरा दिवस वैजापूरहून काही कळलं नाही. सत्यभामाबाईंचा फोनसुद्धा श्रेयानं उचलला नाही. आईवरही तिचा राग होता, आणि तो व्यंकटरावांवरच्या रागापेक्षा जास्त असावा. सत्यभामाबाई त्याबद्दल बोलल्या नाहीत, पण त्या दिवसांत त्यांचं खाणं कमी झालं होतं, हे कामवालीनं सांगितलं.

मे संपता संपता एका सकाळी रिक्षा थांबली. श्रेया उतरली. कडेवर ओवी, हातात कपड्यांची मोठी पिशवी. ती नऊ दिवस राहिली. मधल्या भिंतीपलीकडून व्यंकटरावांना दोघी मायलेकींचं बोलणं ऐकू यायचं. पहिले दोन दिवस भांडण होतं, कधी रडणं. मग भांडी, मग टीव्ही, मग ओवीचं धावणं.

चौथ्या दिवशी ती मीनाक्षीबाईंना बघायला आली. व्यंकटराव उठून आतल्या खोलीत जायला लागले.

"बसा काका," ती म्हणाली. त्यांच्याकडे न बघता.

ते बसले. ती खाटेच्या कडेवर बसून मीनाक्षीबाईंचा निर्जीव उजवा हात चोळत राहिली. ओवीला किती बोलता येतं, सासू कशी आहे, यंदा कांद्याचं काय झालं, असं सांगत होती. मीनाक्षीबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पदरानं टिपत होती. तासाभरानं उठली. दारात चपला घालताना थांबली.

"मी ते इसरणार नाय," ती म्हणाली.

"नको विसरूस."

"बाबांचं श्राद्ध आषाढात हाय. दोन्ही साली मी आलेच नाय त्याला. या साली येणार हाय. तुम्ही या." मग चपलेत पाय सरकवत म्हणाली, "मी बोलावतीय म्हणून नाय. बाबांनी बोलावलं असतं म्हणून."

व्यंकटरावांनी मान हलवली. ती अंगणातून बाहेर पडली. पलीकडच्या दारात ओवी तिची वाट बघत उभी होती.